फॅक्टचेक डॉट ऑर्गला पैसा कोण देतं, हे वाचकाला कळू शकतं का?

हो, आणि बऱ्यापैकी तपशिलात. अमेरिकी राजकारणातले दावे तपासणारी ही साइट २००३ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲननबर्ग पब्लिक पॉलिसी सेंटरतर्फे चालते. २०१० पर्यंत भार मुख्यतः ॲननबर्ग फाउंडेशनच्या पैशांवर होता. मग वाचकांकडून देणग्या घेणं सुरू झालं.

साइटवर निधीचं वेगळं पान आहे, ते जरूर उघडून बघा. हिशेब तिमाहीवार दिलेला असतो. १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याचं नाव जाहीर होतं. बाकीच्यांची नावं नसतात, पण वैयक्तिक देणग्या किती आल्या, एकूण रक्कम किती, सरासरी किती, हे असतं. कामगार संघटना, पक्षीय संस्था आणि एखाद्या मुद्द्याचा प्रचार करणारे गट यांच्याकडून पैसे घेत नाहीत.

माझ्या मते खरी कसोटी फेसबुकच्या पैशांची होती. फेसबुकवरचे खोटे दावे तपासायच्या कामासाठी त्यांनी ते घेतले. कंपन्यांकडून निधी न घेण्याच्या धोरणाला हा अपवाद होता, आणि तो त्यांनी उघडपणे मांडला. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने दावे तपासून घेण्याचा अमेरिकेतला तो कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

नुसती नावं वाचून मात्र थांबू नका. सगळ्यात मोठ्या देणगीदाराचा एकूण उत्पन्नात वाटा किती, ते काढा. मग त्याचं नाव साइटच्या शोधपेटीत टाका आणि त्याच्याबद्दलचे दावेही तितक्याच कडकपणे तपासलेत का, ते स्वतः वाचा.