घरचं गाऱ्हाणं परक्यांसमोर मांडताना

अगं, सासूबाईंशी वाजलं त्याच रात्री ऑनलाइन ग्रुपवर लिहू नकोस. मी एकदा विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या अख्खं रामायण टाइप केलं. चाळीचं नाव, मजला, सगळं. दोन दिवसांत नणंदेने ओळखलं. (पुढचं विचारूच नकोस.)

'सासू अशी का वागते?' विचारलंस की लोक तमाशा बघतात. 'दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, बाळाला झोपवू कधी?' असं विचार, मग कामाचं मिळतं. 'नवऱ्याला सोड' म्हणणारे पहिल्या पाच मिनिटांत येतात. भाडं त्यांना भरायचं नसतं. 'ताई, इनबॉक्समध्ये या' म्हणणारा सरळ ब्लॉक.

आणि हात उचलला जात असेल तर आम्हाला विचारत बसू नकोस, 181 लाव, ती महिलांची हेल्पलाइन आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो.