कॉम्प्युटर उठता उठत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबांचा डेस्कटॉप २०१४ चा आहे, इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबलं की चहा होतो, पिऊन होतो, तरी हा बसलाय गोल फिरवत, आणि डेस्कटॉप दिसला तरी पुढची पाच मिनिटं क्लिक घेत नाही. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू आणि रॅम टाकू, नाहीतर सरळ नवीन घ्या. बाबांना टॅली, बँक आणि यूट्यूब एवढंच लागतं. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानात एक रुपया द्यायच्या आधी वेळ नेमका कुठे जातोय ते बघा, कारण “स्लो चालू होतो” ह्यात तीन वेगवेगळी दुखणी येतात आणि तिघांचं औषध वेगळं. बटण दाबल्यापासून विंडोजचा लोगो येईपर्यंत वेळ जात असेल तर विंडोजचा काही संबंधच नाही, तिथे बायोसचं, म्हणजे मदरबोर्डमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचं, काम चालू असतं, मागे एखादा पेनड्राइव्ह लावून ठेवलाय का ते आधी बघा. लोगो ते डेस्कटॉप ह्यात जात असेल तर डिस्क किंवा एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादा पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर. आणि डेस्कटॉप आल्यावर मशीन हलत नसेल, म्हणजे तुमची केस, तर डिस्क आणि सोबत आपोआप उठणारी प्रोग्रामांची वरात.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. माझा अंदाज असा की तिथे ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के दिसेल आणि खाली वाचायचा स्पीड मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. बघणाऱ्याला वाटतं १०० टक्के काम चाललंय म्हणजे जोरात चाललंय, पण तसं नाही, डिस्क नुसती धावपळ करतेय. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्या मारणाऱ्या, हार्ड डिस्कची तबकडी एक फेरी मारायला ८ मिलिसेकंदांच्या वर घेते, शिवाय वाचणारं डोकं योग्य जागी सरकायला अजून तेवढाच वेळ, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली वाचायच्या म्हटलं की सेकंदाला साधारण शंभरेक जागांवर पोचते, बास. विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली मागते, त्यातच अँटिव्हायरस, अपडेट, क्लाउडवालं काहीतरी, सगळे एकदम. किराणा दुकानात पोऱ्या एक आणि गिऱ्हाइकं पन्नास, तसं झालंय. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, साधी स्वस्तातली साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडीसुद्धा असली कामं सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून माझं मत सरळ आहे, २०१४ च्या मशीनला आधी एसएसडी, मग रॅम, आणि नवीन कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी.

तोवर फुकटातलं एक काम. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप नावाचा टॅब आहे, त्यात प्रत्येक प्रोग्रामपुढे इम्पॅक्ट लिहिलेला असतो. हाय लिहिलंय म्हणजे त्याने चालू होताना सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, एक सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. प्रिंटरची मदतनीस, मीटिंगची ॲप्स, टोरंट, गेमचे लाँचर, ह्यातलं बाबांना रोज उठल्या उठल्या काय लागतं? बाकीचं राइट क्लिक करून डिसेबल. प्रोग्राम उडत नाही, फक्त स्वतःहून उठत नाही, हवा तेव्हा उघडता येतो. ऑडिओ, टचपॅड असलं काही दिसलं तर राहू द्या. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच.

फॉरमॅटबद्दल बोलायचं तर, कचरा साठला असेल तर फरक पडतो, नाही असं नाही, पण डिस्क तीच राहिली की सगळं परत टाकून झाल्यावर पुन्हा तेच रडगाणं. रॅम ८ जीबी कराच, पण तुमच्या मदरबोर्डाला डीडीआर-३ ह्या जुन्या प्रकारची रॅम लागते, नंतरच्या डीडीआर-४ ची पट्टी खाचेतच बसत नाही, त्यामुळे जुनी पट्टी सोबत घेऊन जा.

एसएसडी टाकायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, निळ्याऐवजी पिवळा कॉशन दिसला किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि फोटो, हिशेब आधी दुसरीकडे कॉपी करा. टॅलीचा डेटा फोल्डर तर घ्याच, शिवाय लायसन्स असेल तर फॉरमॅटच्या आधी टॅलीतूनच ते सरेंडर करायचं, म्हणजे ह्या मशीनवरून सोडवून घ्यायचं असतं, हे लोक हटकून विसरतात आणि मग सपोर्टला फोन करत बसतात. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, हे दुकानवाल्यालाही सांगा, कारण दोन्ही जोडलेल्या असल्या की कधीकधी बूटची, म्हणजे विंडोज चालू करणारी, फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही. विंडोज टाकून झालं की जुनी डिस्क परत जोडा, डेटासाठी चालेल. मदरबोर्ड तोच असल्यामुळे आधीचं विंडोज ओरिजिनल असेल तर नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

दुकानवाला नवीन घ्या म्हणतो ते मात्र बरोबर आहे, अर्धवट का होईना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी जनरेशन लागते, तुमची चौथी. सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. पण त्यानंतर बँकेचं काम ह्या मशीनवर नको. नुसतं यूट्यूब आणि मेल असतं तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका म्हटलं असतं, पण टॅली विंडोजवरची, तिकडे नेली तर बाबा तुम्हाला रोज फोन करतील. तेव्हा आत्ता एसएसडी घ्या. पुढे मशीन बदललं तरी ती वाया जात नाही, नव्यात लावता येते.

प्रश्न : आमच्या दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा म्हणतो, तारीख काहीतरी जुनीच येते आणि बँकेची साइट उघडत नाही, सिक्युरिटीचा एरर देते. व्हायरस आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हायरस नाही हो, सेल संपलाय. मदरबोर्डवर एक गोल चपटा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात किंवा जनरल स्टोअरमध्येही मिळतो. तुम्ही रात्री दुकान बंद करताना मेन स्विच बंद करता ना, मग घड्याळ रात्रभर त्या सेलवरच चालतं, तो दमला की तारीख मागे जाते आणि साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं मुदतीचं ओळखपत्र, त्या तारखेला जुळत नाही म्हणून एरर. प्लग काढून सेल बदला, लिहिलेली बाजू वर, मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा. बूटचा क्रमही, म्हणजे आधी कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तेही, तेव्हाच तपासा, सेल काढला की तो कधीकधी बदलतो आणि मग वाटतं विंडोजच उडालं.

प्रश्न : लॅपटॉप रोज रात्री शटडाऊन करते, तरी सकाळी अडखळत चालतो, रिस्टार्ट केला की एकदम छान. असं कसं? – एक वाचक, पणजी

उत्तर : कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन हा पूर्ण शटडाऊन नसतोच. तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, कालच्या गुंत्यासकट. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अपटाइम बघा, रोज बंद करूनही तिथे आठ-दहा दिवस दिसतील. आठवड्यातून एक-दोनदा रिस्टार्ट करा. लॅपटॉपला एसएसडी असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढूनच टाका, चालू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील इतकंच.

प्रश्न : पीसी क्लीनर आणि रजिस्ट्री साफ करणारं सॉफ्टवेअर घेऊ का? ऑफर चालू आहे. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, ती साफ करून कॉम्प्युटर लवकर चालू होत नाही, उलट हे सॉफ्टवेअर स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतं.