वाचकांचे प्रश्न : कूल जॅझ ऐकताना, वाजवताना, जपताना

प्रश्न (दादर) : ‘कूल जॅझ’ नावाची एक प्लेलिस्ट महिनाभर लोकलमध्ये ऐकली. सगळं मंद, एकसुरी वाटलं. कूल जॅझ म्हणजे संथ जॅझच ना? की माझी सुरुवातच चुकली?

उत्तर : सुरुवात चुकली, आणि त्यात दोष प्लेलिस्टचा आहे. अशा याद्यांमध्ये रात्रीच्या जेवणाला मागे लावायची संथ गाणी भरलेली असतात. ‘कूल’ हे विशेषण सुराला लागतं, लयीला नाही. सूर कंप न देता सरळ लावायचा, आवाज किंचाळीपर्यंत न्यायचा नाही आणि वाद्यांची वीण अशी घालायची की एकाने बाकीच्यांना झाकू नये. लय हवी तेवढी द्रुत ठेवा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊजणांच्या ताफ्याचं ‘मूव्ह’ ऐका. अडीच मिनिटांची रचना, लय चांगलीच धावती, तरी कुठे धाप लागल्याची खूण नाही.

याच ताफ्यापासून सुरुवात करा. त्यांनी २१ जानेवारी १९४९, २२ एप्रिल १९४९ आणि ९ मार्च १९५० अशा तीन दिवशी न्यूयॉर्कमध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी मिळून १२ रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यातल्या ११ वाद्यरचना १९५७ मध्ये ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने एका एलपीवर (लांब वाजणाऱ्या तबकडीवर) आल्या. म्हणजे बारशाआधी सात-आठ वर्षं मूल हिंडत-फिरत होतं. मूळ मुद्रण ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्यांसाठी असल्यामुळे प्रत्येक रचनेला तीन मिनिटांच्या आसपासच जागा मिळाली. त्यामुळे एकही आवर्तन भरतीचं नाही.

ताफ्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, आल्टो आणि बॅरिटोन सॅक्सोफोन, शिवाय पियानो, डबल बास आणि ड्रम्स. फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा आले ते क्लॉड थॉर्नहिलच्या वाद्यवृंदातून. गिल इव्हान्स तिथे संयोजन करत असे. जुन्या जॅझमध्ये ट्यूबाकडे खर्जाचा ठेका धरण्याचं काम असायचं. इथे ते काम डबल बासने उचललं आणि ट्यूबा मोकळा होऊन धुनेत शिरला. या संगीताचा खास रंग आहे तो या खालच्या बाजूला, आणि तुमची अडचणही नेमकी तिथेच असणार. लोकलच्या चाकांची घरघर खालच्या पट्टीत असते. ती ट्यूबा, बॅरिटोन आणि बास गिळून टाकते आणि वर उरते फक्त ट्रम्पेटची बारीक रेघ. मग ते पोकळ वाटणारच. घरी, पंखा बंद करून, हेडफोनवर याच ताफ्याचं ‘बॉप्लिसिटी’ तीनदा ऐका. पहिल्या वेळी फक्त ट्रम्पेटच्या मागे जा. दुसऱ्या वेळी ट्रम्पेट सोडून बॅरिटोन आणि ट्यूबा पकडा. तिसऱ्या वेळी सगळं एकत्र. त्यानंतर ‘मून ड्रीम्स’ घ्या. ती रचना खरोखर संथ आहे, पण शेवटाकडे एकेक वाद्य निसटत जाऊन सुरांचा गोफ कसा उलगडतो ते पाहा. आमच्या मते या १२ रचनांमधलं सर्वांत धाडसी काम ते आहे.

आणखी एक. कूल जॅझचा उगम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाला, असं बरेचदा छापलं जातं. वरचं सगळं घडलं न्यूयॉर्कमध्ये. त्याही मागे टेनर सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग आहे. त्याची १९३६ ची ‘लेडी बी गुड’ आणि ‘शू शाइन बॉय’ ऐकलीत की हा हलका, पुढे न रेटणारा सूर कोणाचा ते कळेल. त्याचं नाव न घेता कूल जॅझचा इतिहास सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रश्न (विलेपार्ले) : मी तबला शिकतो. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं आहे म्हणून झपताल लावून पाहिला, पण दर वेळी घसरतो. का?

उत्तर : कारण झपतालाचे विभाग २-३-२-३ आहेत आणि ‘टेक फाइव्ह’चे ३-२. झपतालात जोर १, ३ आणि ८ वर, ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) ६ वर. ‘टेक फाइव्ह’ची दोन आवर्तनं सलग धरली तर जोर येतो १, ४, ६ आणि ९ वर. जुळतात फक्त १ आणि ६. त्यातही ६ ही तुमची खाली, हलकी मात्रा, तर तिकडे नव्या आवर्तनाची भरलेली पहिली मात्रा. हात एकीकडे, कान दुसरीकडे.

ठेका तिसऱ्या मात्रेपासून उचलला तर वजन जुळतं : धी धी ना । ती ना । धी धी ना । धी ना. पण मग तुमची सम दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर पडते आणि मनातला हिशेब पुन्हा बिघडतो. म्हणून तबला आठवडाभर बाजूला ठेवा. तोंडाने ‘एक दोन तीन, चार पाच’ म्हणा आणि फक्त एक आणि चारवर टाळी द्या. लय साधारण मिनिटाला १७० मात्रांची आहे, ती लगेच झेपणार नाही. मोबाइलच्या मेट्रोनोमवर १०० पासून सुरू करा आणि रोज दहाने वाढवा. १४० च्या पुढे प्रत्येक मात्रा मोजणं सोडून ‘लांब-आखूड, लांब-आखूड’ एवढंच धरा.

सुरुवातीला ड्रम्स, मग पियानोचा ठेका, मग बास, त्यावर पॉल डेझमंडचा आल्टो. डेव्ह ब्रूबेकने धरलेला पियानोचा तो ठेका म्हणजे तुमचा लेहरा समजा. साधारण दोन मिनिटांनंतर जो मोरेलोचं ड्रम्सवादन सुरू होतं. तिथे बहुतेक सगळे हरवतात, कारण मोरेलो मोठमोठ्या जागा मोकळ्या सोडतो आणि जोर आवर्तनाच्या रेषा ओलांडून टाकतो. त्याच्या मागे धावू नका. लेहरा चालूच असतो, त्याला चिकटून राहा.

रचना डेझमंडची आहे, ब्रूबेकची नव्हे. ती १९५९ च्या ‘टाइम आउट’ या एलपीवर आहे. त्याच तबकडीवरचं ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ नऊ मात्रांचं आहे : २-२-२-३ तीनदा, मग ३-३-३ एकदा. त्याची बीजं ब्रूबेकला १९५८ च्या दौऱ्यात तुर्कस्तानच्या रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाली. त्याच दौऱ्यात तो मुंबईतही आला होता आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवून गेला. ‘टेक फाइव्ह’ पक्कं झाल्यावरच राँडोकडे वळा. मध्ये ते साध्या चार मात्रांच्या ब्लूजमध्ये जातं आणि त्या वळणावर दोन्ही लयी आलटून पालटून येतात. घाई केलीत तर तिथे पाय अडकेल.

प्रश्न (मुलुंड) : काकांकडून माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी एलपी मिळाली. की-बोर्डवर सोबत वाजवायला गेलं की पहिली बाजू चढी लागते. टर्नटेबल बिघडलं का? आणि हे कूल जॅझच का?

उत्तर : बहुधा नाही. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ च्या. त्या दिवशी मुद्रण करणारं टेप-यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर घेतलेली टेप योग्य गतीने वाजवली की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर आहे. ही चूक १९९२ च्या नव्या आवृत्तीपासून सुधारली गेली.

यातूनच टर्नटेबलची परीक्षा होते. दुसऱ्या बाजूवरचं ‘ऑल ब्लूज’ जी स्वरावर आहे. की-बोर्डचा जी त्याच्याशी जुळला आणि पहिल्या बाजूचं ‘सो व्हॉट’ डीपेक्षा चढं लागलं, तर यंत्र निर्दोष. दोन्ही बाजू सारख्याच चढ्या किंवा उतरत्या लागल्या तर पट्टा सैल किंवा कडक झालाय, नाहीतर गतीचा स्क्रू फिरलाय. गती तपासायची रेघांची स्ट्रोब-चकती ५० हर्ट्झचीच घ्या; गती बरोबर असली की दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात. आपल्याकडच्या विजेवर ३३⅓ गतीला १८० रेघा लागतात, अमेरिकी चकतीवर २१६ असतात. चकती जुन्या पिवळ्या बल्बखाली पाहा. बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा स्थिर दिसतच नाहीत. टर्नटेबलच अमेरिकेहून आलं असेल आणि त्याची मोटर ६० हर्ट्झची असेल, तर ते इथे जवळजवळ २८ च्या गतीने फिरेल. ते मात्र ऐकताक्षणी कळतं.

राहिला प्रश्न हे कूल आहे का याचा. सुराचा स्वभाव तोच, पण बांधणी वेगळी. इथे वादक भराभर बदलणाऱ्या कॉर्डऐवजी (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांऐवजी) एकेका स्वरसप्तकावर रेंगाळतात. रागसंगीत ऐकलेल्यांना हे लवकर जवळचं वाटतं.

प्रश्न (गिरगाव) : चोर बाजारातून आणलेल्या जॅझच्या एलपींवर पांढरी बुरशी आहे. धुतल्या तर चालतील का?

उत्तर : चालतील, पण आधी साहित्य ओळखा. ७८ आरपीएमची जड, ठिसूळ तबकडी लाखेची असते. तिला अल्कोहोल लागलं की पृष्ठभाग विरघळतो आणि ती कायमची गेली. खालचं मिश्रण फक्त व्हिनाइलसाठी, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकसाठी.

८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. नळाचं पाणी वापरू नका. ते वाळलं की क्षार खाचेत बसतात आणि कुरकुर वाढते. लेबल कोरडं ठेवून मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचेच्या दिशेने, गोल पुसा. आडवं पुसलं तर बुरशी शेजारच्या खाचांत ढकलली जाते. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुन्हा पुसा. ही पायरी टाळली की साबणाचा थर सुईवर जमतो. उभी ठेवून पंख्याखाली वाळवा आणि आतली जुनी कागदी पिशवी फेकून द्या. बुरशीचं बी तिथेच असतं. धुतलेली तबकडी परत त्याच पिशवीत गेली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका. एलपी उभ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि जूननंतर दर महिन्याला बदला. एवढं करूनही काही ठिकाणी टकटक राहील. तिथे बुरशीने पृष्ठभाग खाल्लेला आहे, त्याला इलाज नाही.

विकत घेताना तबकडी उजेडात तिरपी धरा. नुसता दिसणारा ओरखडा बहुधा फक्त आवाज करतो, नखाला लागणारा ओरखडा सुई उडवतो. आणि १९५० च्या सुमाराच्या कूल जॅझचं कव्हर पाहताना ‘इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ’ असा काही शब्द दिसला तर ती ठेवून द्या. मूळ मुद्रण मोनो आहे. नंतर कृत्रिमपणे दोन भागांत पसरवलेल्या आवाजात ताफ्याची वीण उसवते. साधी मोनो प्रत शोधा.

प्रश्न (बोरिवली) : आल्टो सॅक्सोफोन शिकून सहा महिने झाले. माझा सूर कर्कश लागतो. ली कॉनिट्झ किंवा डेझमंडसारखा कसा येईल?

उत्तर : हळू फुंकून येणार नाही, ही पहिली चूक टाळा. कमी हवेने सूर पातळ होतो आणि उतरतो. हवा पोटातून पूर्ण हवी, दाब कमी करायचा तो ओठांचा. खालचा जबडा किंचित मागे आणि खाली सोडा, ओठ रीडवर (माउथपीसवरच्या वेताच्या पातळ पट्टीवर) टेकलेला असू द्या, चावू नका. ६० च्या मेट्रोनोमवर मधला जी बारा मात्रा धरा, कंप अजिबात नको. आपण खडा स्वर लावतो तसा. ट्यूनरचा काटा हलता कामा नये. मग एकेक स्वर खाली उतरत डीपर्यंत या. जबडा सोडल्याने सूर उतरला तर पुन्हा चावू लागू नका, माउथपीस वाद्याच्या मानेवरच्या बुचावर थोडा आत ढकला. खालचे स्वर बोललेच नाहीत तर दोष तुमचा नसेलही, पॅडमधून हवा गळत असेल. ते वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

रीड २ किंवा २½ ची पुरे. फार मऊ रीड किरकिरते, फार कडक रीडमधून नुसता वारा येतो. पावसाळ्यात रीड वाकतात. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा आणि वाजवून झालं की पुसून सपाट काचेवर ठेवा. कॉनिट्झच्या १९४९ च्या ‘सबकॉन्शस-ली’मधल्या चार ओळी आधी गळ्याने म्हणा, मगच वाद्य उचला. त्याचे जोर कुठे पडतात ते गळ्याला आधी समजतं.

प्रश्न (परळ) : जेरी मुलिगनच्या चौकडीत पियानो का नाही?

उत्तर : पियानो कॉर्ड वाजवून प्रत्येक स्वराचा अर्थ ठरवून टाकतो. तो काढला की दोन सुरवाद्यांनाच सुसंवाद उभा करावा लागतो. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘हेग’ क्लबात मुलिगनचा बॅरिटोन आणि चेट बेकरचा ट्रम्पेट हेच करत होते. एक धून म्हणतो, दुसरा खालून उलटी चाल बांधतो, बास दोघांना जमिनीवर ठेवतो. त्याच वर्षीचं ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ लावा. खालची ओळ पायरीपायरीने उतरत जाते तिकडे कान ठेवा. पियानोची उणीव भासणार नाही. ‘बर्नीज ट्यून’ मात्र वेगात आहे, ते नंतर.

प्रश्न (चेंबूर) : गायलेलं काही सुचवाल?

उत्तर : ‘चेट बेकर सिंग्स’, १९५४. आणि जून क्रिस्टीचं ‘समथिंग कूल’. घेताना जपून : मोनो आवृत्ती १९५० च्या दशकातली आहे, स्टिरिओ आवृत्तीसाठी तिने १९६० मध्ये सगळी गाणी पुन्हा गायली. नाव तेच, गाणं दुसरं. आमची पसंती मोनोला.