सर्पिल म्हणजे नेमका कसा साप?

प्रश्न असा आलाय: ‘वासुकी तारकासमूहातील एम ८३ ही सर्पिल आकाशगंगा सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूर आहे’ या बातमीतल्या वाक्यात ‘सर्पिल’ म्हणजे नागमोडी समजायचं का? आणि आकाशगंगा तर आपली, मग ही दीड कोटी प्रकाशवर्षांवरची कुठली?

दुसरा भाग आधी घेतो, तो सोपा आहे. मराठी खगोललेखनात ‘आकाशगंगा’ हे आपल्या घरच्या तारकासंचाचं विशेषनाम आणि बाकीच्या सगळ्या ‘दीर्घिका’, असा रिवाज आहे. हिंदीत दोन्हींना आकाशगंगा चालतं, त्यामुळे हिंदीवरून उतरवलेल्या बातमीत तोच शब्द येऊन बसतो. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात ते प्रेमानं आणि श्रद्धेनं. बातमीदाराला ती सवलत देऊ नये असं मला वाटतं.

शिवाय ‘दीर्घिका’ शब्द आहेही देखणा. अमरकोशात ‘वापी तु दीर्घिका’ असं आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर, लांबट तळं. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात ओस पडलेल्या अयोध्येचं वर्णन येतं, तिथे रानरेडे दीर्घिकांच्या पाण्यावर शिंगं आपटतात. तेच तळं आता आकाशात गेलंय. इंग्रजी ‘गॅलक्सी’च्या मुळाशी ग्रीकांचं दूध आहे, आपण त्यात पाणी घातलं म्हणा हवं तर.

आता सर्पिल. नागमोडी नव्हे. नागमोडी असतो तो चालता साप: घाटातला रस्ता, पठारावरची नदी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दीर्घिकेचा साप बसलेला आहे. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वेटोळं. एकाच दिशेनं फिरत फिरत मध्यापासून लांब जाणारी रेषा. ग्रीक ‘स्पेइरा’चा अर्थही वेटोळंच, इंग्रजी ‘स्पायरल’ लॅटिनमार्गे तिथूनच आला. परिभाषेत सर्पिल हा शब्द रुळला, पण कुठल्या अवस्थेतला साप ते त्यात सांगितलेलंच नाही. सगळा गोंधळ तिथला.

व्याकरणानं पाहिलं तर आणखीच गंमत. ‘-इल’ लागला की ‘ते असलेला’ असा अर्थ येतो: फेनिल म्हणजे फेसाळ, पंकिल म्हणजे चिखलानं भरलेला. त्या हिशेबानं सर्पिल वाट म्हणजे जिथून रात्री न गेलेलं बरं. हा अर्थ अर्थातच कुणी घेत नाही, घेऊही नये. परिभाषा रूढीनं चालते.

वेटोळं डोळ्यांपुढे आणायचं तर डासांची कॉइल घ्या. पाकिटातून काढताना ती जोडीनं येते, एकीच्या पोटात दुसरी, आणि सोडवताना हमखास एक मोडते. सोडवण्याआधीची ती हिरवी चकती म्हणजे दोन फाट्यांच्या सर्पिल दीर्घिकेचं जवळजवळ नेमकं चित्र. चकली एकाच फाट्याची, म्हणून तितकी जमत नाही. एम ८३च्या मध्यात ताऱ्यांची एक आडवी पट्टी आहे आणि तिच्या टोकांपासून दोन ठळक फाटे निघून वळत बाहेर जातात. तिचं इंग्रजीतलं लाडकं नाव मराठीत आणलं तर ‘दक्षिणेचं भिरभिरं’ होईल. जत्रेतलं कागदी भिरभिरं! हे मला सर्पिलपेक्षा कितीतरी जवळचं वाटतं, पण शास्त्रीय लेखात ते कोण छापणार.

काही जण ‘चक्राकार’ लिहितात. चूक म्हणणार नाही, कारण चक्रीवादळाचा आकार तसाच असतो; पण चाक म्हटलं की बंद वर्तुळ आणि आरे आठवतात. ‘मळसूत्री’ मात्र नको. स्क्रूचे आटे फिरता फिरता पुढे सरकतात, लोखंडी गोल जिना फिरता फिरता वर चढतो. दीर्घिका तबकडीसारखी चपटी, तिला चढायचं नाही. ‘सर्पिलाकार’ बहुधा ‘लंबवर्तुळाकार’ या दीर्घिकांच्या दुसऱ्या प्रकाराशेजारी शोभावं म्हणून होतं, सर्पिल हे आधीच विशेषण असताना ‘आकार’ जास्तीचा. असो, कानाला खटकत नाही.

या शब्दाची गरजही तशी उशिरा पडली. एम ८३ पहिल्यांदा पाहिली ती फ्रेंच खगोलज्ञ लाकाय यानं १७५२ साली, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून. १७८१ मध्ये खगोलज्ञ मेसिएनं (‘एम’ हे अक्षर त्याच्याच नावातलं) पॅरिसहून ती आपल्या यादीत ८३व्या क्रमांकावर घातली. तिथून ती क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येते. दोघांना दिसला तो धूसर डाग. वेटोळं कळलं ते १८४५ साली, तेही एम ५१ या दुसऱ्या दीर्घिकेत, आयर्लंडमधल्या लॉर्ड रॉस यांच्या ७२ इंची दुर्बिणीतून.

ती वासुकीत आहे हा निव्वळ योगायोग. सापाचं डोकं आश्लेषा नक्षत्रात (त्याची देवताही सर्पच), आणि ही दीर्घिका पार शेपटीकडे, शेजारच्या नरतुरंग तारकासमूहाच्या हद्दीला लागून. वाक्य मी असं करीन: ‘वासुकी तारकासमूहातली एम ८३ ही सर्पिल दीर्घिका सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूर आहे.’ आणि लहान मुलांसाठी लिहायचं असेल तर बिनधास्त ‘वेटोळी दीर्घिका’.

मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा, चित्रेच्या खाली हात लांब करून एक वीत मोजा. गाव अंधारं असेल तर साध्या द्विनेत्रीतूनही पुसट ठिपका सापडतो. वेटोळं नाही दिसणार, लाकायला दिसलं तेवढंच.