भौतिकशास्त्र सोडू का?

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुणसूत्रांची रचना प्रगत सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासायची माझी इच्छा आहे. भौतिकशास्त्र आणि कोडिंगही आवडतं. बाबा म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. जीवशास्त्र घेऊन बाकीचं सोडू का?

उत्तर: सोडू नकोस. बाबांची काळजी मला समजते, पण या कामात हे दोन दगड वेगळे नाहीतच.

१९२३ मध्ये शास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर यांनी माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असल्याचं मांडलं आणि पुढे तीसेक वर्षं सगळे ४८च धरून चालले. १९५६ मध्ये चिओ आणि लेव्हान या संशोधकांनी ४६ हा खरा आकडा दाखवला. मुख्य फरक पडला तो नमुना तयार करण्याच्या पद्धतीने. पातळ द्रावणात पेशी फुगवल्या, हलक्या हाताने दाबल्या आणि एकमेकांत अडकलेली गुणसूत्रं सुटी झाली. म्हणून आधी हात तयार कर. प्रगत यंत्रही वाईट स्लाइड सुधारत नाही.

आता भौतिकशास्त्राचं. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळून बनलेला मणी, म्हणजे न्यूक्लिओसोम, जेमतेम ११ नॅनोमीटरचा. ही मर्यादा ओलांडणाऱ्या फ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रेणूंवर आधारलेल्या) तंत्रांना २०१४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या एका प्रकारात चमकणारे रेणू थोडे थोडे करून पेटवतात, प्रत्येकाची जागा गणिताने काढतात आणि हजारो फ्रेम जोडून चित्र उभं करतात. तुझं कोडिंग इथेच लागतं!

पाठ्यपुस्तकात डीएनए आणि प्रथिनांचा ३० नॅनोमीटरचा नीटस दोरा तू पाहिला असशील. २०१७ मध्ये क्लोडा ओशे यांच्या गटाने इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अनेक कोनांतून चित्रं घेऊन त्रिमितीय रूप उभं करण्याच्या तंत्राने) अख्ख्या पेशीकेंद्रकात पाहिलं, तर ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची वेडीवाकडी साखळी दिसली. म्हणजे मूलभूत प्रश्न अजून उघडे आहेत. मला तरी हे या क्षेत्राचं सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं.

स्वतंत्र संशोधन करायचं तर बहुधा पीएचडी लागेल, वर्षं जातील, हे घरी आत्ताच सांग. मायक्रोस्कोपी केंद्रातला तज्ज्ञ हाही चांगला मार्ग आहे. पुढची प्रयोगशाळा निवडताना एकच प्रश्न विचार: विद्यार्थ्याला यंत्र स्वतः हाताळू देतात का?

तोवर कांद्याच्या मुळांच्या टोकांची स्लाइड कर. पहिल्या खेपेला सगळा गुंताच दिसेल. दर वेळी काय बदललंस ते वहीत लिही. दहावी स्लाइड झाली की मला पुन्हा पत्र पाठव.