हिशेब एप्रिलचा नको, आषाढाचा करा

गोव्यातल्या पेडण्याच्या नव्या घरावर ३ किलोवॉट सोलर, १ किलोवॉटची पवनचक्की आणि बॅटरी बसवली तर विजेची जोडणीच घ्यायला नको ना, असं तुम्ही विचारलंय. माझं सरळ उत्तर: सोलर आणि बॅटरी जरूर घ्या, पवनचक्कीचे पैसे सध्या राखून ठेवा, आणि मीटर घ्याच.

सत्तरी तालुक्यातल्या माझ्या घरावरही ३ किलोवॉटचीच पॅनेल आहेत. एप्रिलच्या उन्हात दिवसाला १२-१३ युनिट मिळतात, आम्हाला लागतात सहा-साडेसहा. तेवढं बघून कुणालाही वाटेल, मीटर कशाला? पण गेल्या आषाढात चार दिवस पाऊस उघडला नाही, तेव्हाचे आकडे माझ्या वहीत आहेत: साडेतीन, तीन, पावणेतीन, चार. म्हणजे चार दिवसांत ११ ते १३ युनिटांची तूट. माझी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. कागदावर ५ युनिट, वापरायला साडेचार. ती पहिल्या दोन रात्रींतच संपत आली, पुढचं सरकारी लाइटीवर निभावलं. मीटर नसता तर अशा तीन बॅटऱ्या लागल्या असत्या, आणि त्यातल्या दोन वर्षाचे आठ महिने नुसत्या बसून राहिल्या असत्या.

ऊन नसतं तेव्हा वारा असतो, हा तुमचा विचार चुकीचा नाही. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा जोराचाच असतो. अडचण आहे ती आपल्या माडांची. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी नाही, एक अष्टमांश होते. २ मीटर व्यासाची पवनचक्की सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यात किलोवॉटभर देते, आणि खोक्यावर छापतात तो हाच आकडा. ८ मीटरला ती ३०० वॉटच्या आसपास येते, ४ मीटरला जेमतेम ३५-४०, म्हणजे धड एक जुना पंखाही फिरणार नाही. आजूबाजूच्या झाडांपेक्षा पाती निदान ३० फूट वर हवीत. माडच ६० फुटांचे असले तर खांब केवढा होईल बघा. छपरावर तर बसवूच नका. आमच्या ओळखीच्या एका घरात पात्यांची थरथर भिंतीतून झोपायच्या खोलीपर्यंत यायची, शेवटी काढून ठेवली. तुमची जागा उघड्या सड्यावर, म्हणजे झाडं नसलेल्या कातळाच्या पठारावर असेल तर गोष्ट वेगळी. तरीही आधी वेग मोजणारं यंत्र खांबाच्या उंचीवर लावून एक अख्खा पावसाळा नोंदी घ्या.

मीटरचा आणखी एक फायदा: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते ग्रिडला, म्हणजे सरकारी विजेच्या जाळ्याला जोडलेल्या सोलरलाच. इन्व्हर्टर मात्र हायब्रिड घ्या, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घराकडून शॉक बसेल. भर दुपारी ऊन असून घरात काळोख, अशी तक्रार मी कितीतरी जणांकडून ऐकली आहे. कोटेशनमध्ये 'लाइट नसताना कोणकोणती उपकरणं चालतील' हे लिहूनच घ्या. विहिरीच्या १ एचपी पंपाचं खास विचारा: चालताना तो साधारण १,००० वॉट किंवा थोडं जास्त घेतो, पण सुरू होताना कित्येक पट ओढतो.

बॅटरी मोठी करण्याआधी पंखे बदला. ७५ वॉटचे तीन पंखे रात्री आठ तास चालले की १.८ युनिट जातात; कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरच्या पंख्यांना पाऊण युनिटही लागत नाही. गीझर या हिशेबात धरूच नका, त्याला छपरावर सोलर वॉटर हीटर वेगळा.

समुद्र जवळ असेल तर पॅनेलचं स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आणि नटबोल्ट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेसचे मागा. माझ्या भावाकडे किनाऱ्याला साधे बोल्ट दुसऱ्या पावसाळ्यातच तांबूस होऊन पानाही बसेना. पावसाळी विजांसाठी अरेस्टर (वीज जमिनीत उतरवणारं साधन) आणि वेगळं अर्थिंग पहिल्याच दिवशी करून घ्या. पॅनेलच्या खालच्या कडेला पावसात शेवाळ धरतं, ते गणेश चवथीच्या आधी मऊ फडक्याने पुसायला हात पोचेल एवढी वाट छपरावर ठेवा.