वजनाचा तक्ता आधी बंद करा

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे, वय 15 पूर्ण. शाळेकडून आणि क्लबकडून बास्केटबॉल खेळते. उंची 170 सेंमी. मे महिन्यात तिला दोन दिवसांच्या खेळाडू-मूल्यमापन शिबिराला पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात ‘क्षमता : 10 पैकी 6.5’ असं आलं आणि चपळता वाढवायला 4 किलो वजन कमी करा असं सांगितलं. आम्ही भात बंद केला, पोळी एकवर आणली. 58 वरून आता 53 किलो आहे. उंची अजून तीन-चार इंच वाढावी म्हणून रोज बारला लटकवतो. 6.5 वर अमेरिकेत स्कॉलरशिप मिळेल का? अकरावीला सायन्स घ्यावं की आर्ट्स घेऊन पूर्ण वेळ खेळावं? नववीला 81 टक्के होते. सौ. म्हणते की जूननंतर पाळी आलेली नाही, पण सर म्हणाले खेळणाऱ्या मुलींचं असं होतं. हल्ली मुलगी मला ‘मॅचला येऊ नका’ म्हणते, याचं वाईट वाटतं. दोन वर्षांचा तक्ता सोबत जोडला आहे.
– एक पालक, मुलुंड

उत्तर : पाळीचं वाक्य मी तीनदा वाचलं. ‘सौ. म्हणते’ असं लिहून तुम्ही ते आईच्या खात्यात टाकलंत आणि ‘सर म्हणाले’ लिहून निकालात काढलंत. सरांचं म्हणणं तसं खोटं नाही. खेळणाऱ्या मुलींचं असं होतं. लोकलच्या डब्यातून धूर येतो तसंच हे. येतो कधी कधी, पण म्हणून डब्यातली माणसं पेपर वाचत बसत नाहीत.

नियमित येणारी पाळी तीन महिने थांबली की डॉक्टरांकडे जायचं, हा साधा नियम आहे. तुमच्याकडे ऑक्टोबर उजाडला. दिवसाला दोन-तीन तास धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या वाढत्या शरीराला खर्चाएवढं खाणं मिळालं नाही, की शरीर काटकसर सुरू करतं. हृदय, फुप्फुसं बंद ठेवता येत नाहीत, म्हणून ज्याच्यावाचून आज भागेल ते बंद करतं. पहिली काट बहुधा पाळीवर येते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि इस्ट्रोजेन उतरलं की हाडं भरायची थांबतात. माणसाच्या हाडांचा सुमारे 90 टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत होऊन जातो. म्हणजे तुमच्या मुलीची बचतीची हीच तीन वर्षं आहेत आणि आपण बँकेला टाळं लावलंय. पुढे नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर जाते, आणि मग सहा-आठ आठवडे ग्राउंड बंद. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली या सगळ्या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं, इतका तो मुली-मुलांच्या खेळात नेहमीचा आहे. नेहमीचा आहे म्हणून चालतो, असं मात्र त्या समितीने कुठेही म्हटलेलं नाही.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ‘वजन किती उतरवलं आणि कसं’ हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, मुलीच्या तोंडून वदवू नका. पाळी थांबण्याची दुसरी कारणंही असतात, ती शोधणं त्यांचं काम. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासून घ्या. आपल्याकडे 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये 59 टक्के रक्तक्षयी आहेत. हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे, 2019-21 मधला. भात-पोळीवर काट मारलेल्या खेळाडू मुलीने त्यात नसावं अशी अपेक्षा करणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं.

आणि ते 4 किलो. 170 सेंमी उंचीला 58 किलो हे ठणठणीत वजन आहे. त्यातलं काही कमी करायला सांगणाऱ्या माणसाने तिची पाळी, रक्त, आहार यांतलं काय विचारलं होतं? तुमच्या पत्रात तरी तसं काही दिसत नाही. दोन दिवस शिट्टी गळ्यात घालून उभं राहिलं म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटातली पोळी उचलण्याचा अधिकार मिळत नाही. तुम्ही मात्र सांगितल्यापेक्षा एक किलो जास्तच उतरवून दाखवलंत.

आता तुमच्या तक्त्याकडे येते. मेहनत खरंच आहे त्यात. तारीख, समोरचा संघ, पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल), असिस्ट (ज्यावर मैत्रिणीची बास्केट पडते तो पास), टर्नओव्हर (हातून गमावलेला बॉल), वजन आणि शेवटी ‘शेरा’. संध्याकाळभर तो घेऊन बसले होते. एप्रिलमधल्या एका ओळीत 17 पॉइंट, 11 रिबाउंड, वजन 58, शेरा ‘बरी’. सप्टेंबरच्या शेवटच्या ओळीत 4 पॉइंट, 3 रिबाउंड, वजन 53.2, शेरा ‘पाय उचलत नाही, मन नाही’. मधल्या ओळींवरून बोट खाली फिरवत जा. वजनाचा रकाना उतरतो तसा रिबाउंडचाही उतरतो, आणि शेऱ्याचा रकाना ‘बरी’वरून ‘आळस’, ‘आळस’वरून ‘मन नाही’ असा घसरत जातो. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांनी तुम्हाला जुलैतच सांगितलं होतं की मुलीच्या पायात ताकद उरलेली नाही. तुम्ही त्या आकड्यांशेजारी तिच्या स्वभावाचा दोष लिहीत गेलात. मॅचला येऊ नका असं ती म्हणते याचं तुम्हाला वाईट वाटतं. मला वाटलं, घरात मूल्यमापन नीट जमणारी एक व्यक्ती आहे.

बाकीचे प्रश्न आता भराभर घेते.

6.5 म्हणजे काय? त्या दोन दिवसांत, त्या माणसाला, त्या कोर्टवर जे दिसलं ते. मुलगी आदल्या रात्री किती झोपली, संघात पास देणारी मैत्रीण होती का, पाळीचे दिवस होते का, यातलं काही त्या आकड्यात नाही. असल्या अहवालांना माझा सरसकट विरोध नाही. चांगला अहवाल काय शिकायचं ते सांगतो. तुमच्या अहवालात आठ रकान्यांत आठ आकडे आहेत आणि शिकवायचं असं एकच वाक्य, तेही वजनाचं.

नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टवर मी एकदा एका ज्येष्ठ प्रशिक्षकांच्या शेजारी सकाळभर बसले होते. मी खेळाडू नाही, मला फक्त हे लोक बघतात काय ते बघायचं होतं. बास्केट पडली की ते वहीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. एका मुलीच्या हातून बॉल निसटला. रेफरीकडे न बघता ती उलट फिरून डिफेन्सला धावली आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. दुसरीला बाहेर बसवलं, तर ती बाकाच्या टोकाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. तेही लिहिलं. तिसरी उंच, सगळ्यांत जास्त पॉइंट तिचेच. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘हिचे गुडघे बघा, उडी मारून खाली येताना आत वळतात. हिला आधी उतरायला शिकवायला पाहिजे.’ मुलींमध्ये एसीएल हा गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण तोच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतं, आणि उतरण्याचा, वळण्याचा सराव नीट घेतला तर ते बरंच खाली येतं. तुमच्या अहवालात गुडघ्यांचा रकाना नव्हता.

उंचीबद्दल तुमचा जो समज आहे तो मुंबईतल्या निम्म्या बास्केटबॉल-पालकांचा असेल, म्हणून तो जरा सविस्तर घेते. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत वेगाने वाढतात. पहिली पाळी आल्यानंतर सर्वसाधारणपणे आणखी पाच-सात सेंमी वाढतात आणि दोनेक वर्षांत थांबतात. तुमची मुलगी 15 ची आहे. अजून तीन-चार इंच वाढेल ही आशा सोडा. बारला लटकून खांदे मजबूत होतील, हाडं लांब होत नाहीत. पण याहून महत्त्वाचं पुढेच आहे. ज्या मुली लवकर वाढतात त्या सहावी-सातवीत वर्गातल्या सगळ्यांत उंच असतात. सर त्यांना बास्केटखाली उभं करतात. बॉल वरून येतो, त्या हात वर करतात, बास्केट पडते, घरी कप येतो. बॉल घेऊन पळायची, डाव्या हाताने ड्रिबल करायची, लांबून शॉट मारायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. दोन-तीन वर्षांत मागे राहिलेल्या मुली त्यांच्याएवढ्या होतात. तोवर त्या बुटक्या मुलींनी नाइलाजाने सगळं शिकून घेतलेलं असतं. मग अठराव्या वर्षी 170 सेंमीची ‘सेंटर’, म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी खेळाडू, कुठल्याच मोठ्या संघाला नको असते, कारण त्या पातळीवर 170 ही बॉल घेऊन वर आणणाऱ्या गार्डची उंची. तुमच्या तक्त्यात असिस्टचा रकाना दोन वर्षं जवळपास कोराच आहे. याचा अर्थ तिला पास देता येत नाही असा मी काढणार नाही. तिच्याकडून पास कुणी मागितलाच नसावा. तिची तब्येत सावरली की सरांना एवढं एकच विचारा, ‘हिला बॉल घेऊन वर आणायला कधी लावाल?’

अमेरिका. भारतातून मुली गेल्या आहेत. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून खेळली, हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठाकडून. दोघीही आपल्या मुलीपेक्षा चांगल्याच उंच. तिथली विद्यापीठ-खेळांची संघटना, एनसीएए, तीन विभागांत चालते. तिसऱ्या विभागात खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, तेव्हा ‘अमेरिकेत खेळवतो’ म्हणणाऱ्याला आधी विभाग विचारा. पहिल्या विभागासाठी नववीपासूनचे 16 ठरावीक विषय मोजले जातात, म्हणजे शाळेचा अभ्यास सोडून तिकडे जाता येत नाही. पात्रतेची नोंदणी विद्यार्थ्याला स्वतः करता येते, मधल्या माणसाला लाखभर रुपये मोजायची गरज नाही.

इकडचा रस्ता जुनाच आहे. शालेय स्पर्धा 17 आणि 19 वर्षांखालील गटात, जिल्हा-विभाग-राज्य अशा पायऱ्या, पुढे विद्यापीठ, आणि खेळ टिकला तर रेल्वे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेत नोकरी करत भारताकडून खेळली आणि 2021 साली तिला पद्मश्री मिळाली. शिबिराच्या फीपेक्षा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन यायला कमी खर्च येतो. सगळी प्रमाणपत्रं जपून ठेवा, एवढंच.

अकरावीला सायन्स की आर्ट्स, हे मला ठरवता येणार नाही, कारण तिला काय आवडतं हे पत्रात कुठेच नाही. 81 टक्केवाल्या मुलीला दोन्ही जमेल. ‘आर्ट्स म्हणजे खेळायला मोकळा वेळ’ हे समीकरण तेवढं डोक्यातून काढा. जीवशास्त्र आवडत असेल तर फिजिओथेरपी हा खेळाला लागून असलेला चांगला मार्ग आहे, त्याला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आवडत नसेल तर हे वाक्य विसरा.

सरांशी बोलताना भांडू नका. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि त्या सांगतील तितके आठवडे तिला सरावातून बाहेर ठेवा. या मोसमातल्या मॅच बुडतील, बुडू देत. एखादं सिलेक्शनही हुकेल आणि त्या दिवशी ती रडेल. तेव्हा ‘बघ, आळस केलास’ असं एक अक्षर निघता कामा नये. वजनकाटा घरातून काढून शेजाऱ्यांकडे ठेवा. पुढे ती परत खेळायला लागली आणि तिने बोलावलं, तरच मॅचला जा. वही नको. रेलिंगला धरून ‘बॉक्स आउट, बॉक्स आउट’ ओरडणं नको. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण तक्ता ठेवणारे बाबा ओरडतातच, मी बघितलेत.

भेटायला यायचं असेल तर दादरच्या ऑफिसात शनिवारी दुपारी या. मुलगी आणि तिची आई आधी माझ्याशी बोलतील, तुम्ही बाहेर बसा. पण त्याआधी डॉक्टर, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबायला नको अशी एक गोष्ट आज रात्रीच करता येईल. कुकरला भात लावा. वरण, तूप, लिंबू घेऊन तिच्यासोबत जेवायला बसा, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर मोजू नका.